सर्वपित्रीचा पिक्चर

माझे घरमालक कुणालाही "कसं काय?" असं विचारत नसत. ते विचारायचे, "हवा पुरते का?"

मासळीवालीला विचारायचे, रिक्षावाल्याला विचारायचे, विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसालाही विचारायचे. नवखा माणूस गोंधळून आभाळाकडे बघायचा. बेलापूरजवळच्या करावे गावातली माणसं मात्र "पुरते, दादूस" म्हणून पुढे चालू लागायची. मी त्यांच्याकडे राहायला गेले त्या दिवशी माझे वडील माझी ट्रंक डोक्यावर घेऊन बाहेरचा जिना चढत होते, तेव्हा खालून हाच प्रश्न आला. वडिलांनी सारं आयुष्य वाशीच्या बाजारात पोती वाहिलेली. त्यांना वाटलं, आपल्याला धाप लागली का असं विचारतायत. ते म्हणाले, "ह्ये काय वझं हाय व्हय? निस्ती पुस्तकं हायती पोरीची."

"पुस्तकं?" मालक ओट्यावरून उठून उभे राहिले. "मंग सावकाश न्या. पडली नाय पायजेत."

पुस्तकांसाठी उठून उभा राहणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मला बेलापूरच्या एका कचेरीत कारकुनाची नोकरी लागली होती. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते आणि त्या दोन अक्षरांचा मला फार अभिमान होता. वडील बाजाराजवळच्या एका खोलीत गावाकडच्या दहा-बारा हमालांबरोबर राहायचे, तिथे मला ठेवणं शक्य नव्हतं. कुणीतरी सांगितलं, करावे गावात एक म्हातारा आणि त्याची विधवा भावजय राहतात, त्यांची वरची खोली रिकामी आहे. घरात बाई आहे, एवढ्यावर वडिलांनी होकार दिला.

भावजयीला सगळं गाव वयनी म्हणायचं, मीही म्हणू लागले. मालकांना मी काका म्हणायचे. वयनी कमी बोलायच्या. सकाळी सुकवलेल्या कोळंबीचे सोडे निवडायच्या, दुपारी ओट्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरायच्या. तो कटकट आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा आणि रविवारी दुपारी त्या आवाजावरच मला झोप लागायची.

काकांचा उजवा हात मात्र कधी स्वस्थ नसे. मूठ अर्धवट मिटलेली आणि मनगट गोल गोल फिरतंय, जणू हातात न दिसणारा एखादा दांडा आहे. बोलताना फिरायचा, चहा पिताना फिरायचा, ओट्यावर डुलकी लागली तरी फिरायचा. कुठेही फिरवायची वस्तू दिसली की त्यांना राहवत नसे. शेजारच्या उसाच्या रसाच्या गुऱ्हाळावर जाऊन ते फुकट चाक फिरवत बसायचे. गुऱ्हाळवाला म्हणायचा, "दादूस, गिऱ्हाईक नाय, कनाला फिरवतोस?" काका म्हणायचे, "थांबलेलं चाक बरं नाय दिसत."

ते माझ्या दारावर कधी टकटक करत नसत. त्यांच्या ओट्यापासून माझ्या खिडकीपर्यंत त्यांनी एक सुती दोर बांधला होता. वरच्या टोकाला पितळी घुंगरू, खालच्या टोकालाही एक. पहिल्याच दिवशी त्यांनी मला त्याची भाषा शिकवली.

"एक झटका म्हनजे बरं हाय. दोन म्हनजे हवा कमी. तीन म्हनजे वर ओढ."

"पण काका, मी आधीच वर आहे."

त्यांनी थोडा विचार केला. "मंग तीनला मी वर येतो."

रोज संध्याकाळी मी कामावरून आले की दोर एकदा हलायचा. मी एकदा ओढून उत्तर द्यायचे. एवढंच. पण परक्या गावात संध्याकाळी कुणीतरी आपल्याला विचारतंय, याचा किती आधार असतो ते घराबाहेर राहिलेल्या मुलीलाच कळेल.

दोन झटके मी एकदाच दिले. कचेरीत साहेबांनी मला फोनवर निरोप घ्यायला सांगितलं होतं. पलीकडचा माणूस भराभर इंग्रजी बोलत होता. मी तीनदा "पार्डन" म्हटलं, चौथ्यांदा त्याने फोन ठेवून दिला. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "अगं, तू इंग्लिशमध्ये बी. ए. ना? कुठल्या गावच्या इंग्लिशमध्ये?" सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन दोर दोनदा ओढला आणि मग मला रडू आलं.

काका स्टूल घेऊन वर आले. उंबऱ्याच्या आत ते कधी येत नसत. जिन्याच्या वरच्या पायरीवर स्टूल टाकून बसले.

"कोनी कापली हवा?"

मी सांगितलं. ते ऐकत होते, हात फिरत होता. मग त्यांनी आपली गोष्ट सांगितली. ती मी आधी तुकड्यातुकड्यांनी गावात ऐकली होती. त्यांच्या तोंडून ऐकली ती त्या संध्याकाळी.

दोघे भाऊ मुंबईच्या गोदीत एका ठेकेदाराकडे कामाला होते. थोरला पाणबुड्या. तांब्याचा मोठा गोल टोप घालून तो खाली उतरायचा आणि बुडालेल्या वस्तू काढायचा. धाकटा, म्हणजे काका, वर हवेच्या पंपावर. पंपाला मोठं चाक, चाकाला दोन दांडे, एका दांड्यावर एक माणूस आणि दुसऱ्यावर दुसरा. वर चाक फिरलं की नळीतून खाली हवा जायची. चाक थांबलं की खालचा माणूस संपला.

"अकरा वर्सं फिरवलं," काका म्हणाले. "एक दिवस थोरला बुडालेल्या गलबतात शिरला, नि ते गलबत कलंडलं. आमी दोर ओढला. दोर आला. नली आली. थोरला नाय आला."

"मग?"

"मंग काय. मी फिरवतच होतो. दोघांनी मिलून माझी बोटं सोडवली दांड्यावरून." हात फिरत होता. "माझा हात थांबला नव्हता, पोरी. नली तुटली होती. पन खालच्याला काय ठाऊक? त्याला वाटलं असंल, धाकट्यानं हात थांबवला."

मग ते उठले.

"उद्या जा हापिसात. फोन वाजला की तूच उचल. एकदा हवा कमी पडली म्हनून काय पानबुड्या घरी बसत नाय."

दुसऱ्या दिवशी फोन मीच उचलला. आज मी कुणाशीही इंग्रजीत बोलू शकते. त्याचं श्रेय कॉलेजला जितकं आहे तितकंच त्या स्टुलाला आहे.

आता पिक्चरची गोष्ट.

थोरला बुडाला त्याआधी कधीतरी दोघा भावांनी जहाजावरच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या इंजिनिअरची पाण्यात पडलेली पेटी काढून दिली होती. त्याने खूश होऊन त्यातली एक वस्तू त्यांना बक्षीस दिली. हाताने फिरवायचं पिक्चरचं यंत्र, आणि सोबत पत्र्याचे पाच गोल डबे. डब्यांत एका जुन्या मूकपटाची रिळं होती. समुद्राखालच्या साहसाच्या एका गाजलेल्या कादंबरीवरून फार वर्षांपूर्वी परदेशात काढलेला पिक्चर, आणि घरी दाखवण्यासाठी केलेली ही त्याची छोटी आवृत्ती. पाण्याखाली चालणारी बोट, तिचा दाढीवाला कप्तान, तांब्याचे टोप घालून समुद्राच्या तळावर बंदुका घेऊन फिरणारी माणसं. मधूनमधून इंग्रजीत लिहिलेल्या पाट्या यायच्या. गावात त्या कुणालाच वाचता येत नसत आणि त्याने कुणाचं काही अडतही नसे.

हा पिक्चर वर्षातून एकदाच लागायचा, सर्वपित्री अमावस्येला. थोरल्याचा देह मिळाला नव्हता. तो नक्की कोणत्या दिवशी गेला हे ठरवायला घरचे कधी तयार झाले नाहीत, त्यामुळे त्याला तिथी नव्हती. ज्याची तिथी नाही त्याचं पान सर्वपित्रीला. सकाळी वयनी वडे आणि भोपळ्याची भाजी करायच्या, कौलांवर पान ठेवायच्या, कावळा शिवला की सगळे जेवायचे. जेवण झालं की मागच्या जाळी ठेवायच्या शेडची दारं लावायची, खिडक्यांवर पोती टांगायची आणि होडीचं धुतलेलं शीड पडदा म्हणून ताणायचं. भर दुपारी आत काळोख करून पंचवीस-तीस माणसं जाळ्यांवर बसायची.

पहिल्या वर्षी मलाही मानाने पुढे बसवलं. काका यंत्रापाशी उभे होते. दांड्यावर हात ठेवताना त्यांचं तोंड एकदम तरुण दिसलं. त्या हाताला वर्षभर जे मिळत नव्हतं ते मिळालं होतं. यंत्राला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना चालत नसे. दांडा थांबला तर दिव्याच्या उष्णतेने फिल्म जळते, आणि उलटा फिरवला तर फिल्म फाटते, असं स्वतः यंत्र पुसता पुसता त्यांनी मला बजावलं होतं. उलटा फिरवायचाच झाला तर रिळाचं वरचं चाकही कुणीतरी हाताने धरून मागे फिरवावं लागतं, ते वेगळंच.

"आनि पंप उलटा फिरवला तर काय होतं, ठाऊक हाय?" त्यांनी विचारलं होतं. "खालच्याच्या छातीतली हवा वर येते. तवा उलटं कवाच नाय."

पिक्चर सुरू झाला तो एका अंत्ययात्रेने. समुद्राच्या तळावर टोप घातलेली पाच-सहा माणसं एका माणसाला उचलून सावकाश चाललेली. भोवती मासे. वाळूत खड्डा, त्यात त्याला ठेवणं, वरून वाळू लोटणं, मग सगळ्यांनी गुडघ्यावर बसणं. काका आपल्या बोलीत सांगत होते, "ह्यो थोरला. हलू नेतात त्याला. लोकांना वाटलं, गेला."

मी घाबरून वयनींकडे बघितलं. त्या शांतपणे सुपारी कातरत होत्या. माझ्या मागे बसलेला शेजारचा रिक्षावाला कुजबुजला, "टेन्शन नको घेऊ, ताई. थोरला येतो दुसऱ्या डब्यात."

आणि खरंच आला. दुसऱ्या रिळात तळावरून टोपवाला माणूस चालत आला तशी सगळी शेड ओरडली, "थोरला!" टोपात सगळे सारखेच दिसतात. चेहरा कुणाला दिसतो? काका सांगत होते, थोरला शिकारीला निघालाय, थोरला शेवाळाची बाग बघतोय, थोरल्याने मुशी, म्हणजे शार्क मासा, मारली. शेवटच्या रिळात दाढीवाला कप्तान बोटीत बसून पेटी वाजवत होता. टोप काढलेला हाच थोरला, काकांनी जाहीर केलं. "दाढी वाढवलीन. खाली न्हावी कुठला?" सगळे हसले, वयनींनी तोंडाला पदर लावला.

"ह्यांना नली नाय, बघितलंस?" पिक्चर संपल्यावर काका मला म्हणाले. "हवा पाठीवरच घेऊन फिरतात. वर पंपवालाच नाय. म्हनून मना ह्यो पिक्चर आवडतो."

मी हे सगळं ऐकलं, पाहिलं. तरीही माझ्या डोक्यात काय राहिलं? तर क्रम. मी इंग्रजीची पदवीधर. मी पाट्या वाचल्या होत्या. गाडण्याचा प्रसंग शेवटचा होता. त्या रिळाच्या शेवटी ठळक अक्षरांत 'समाप्त' असं इंग्रजीत लिहिलेलं होतं, आणि हे लोक ते रीळ पहिलं लावून बसले होते. मला वाटलं, बिचाऱ्यांना वाचता येत नाही, म्हणून इतकी वर्षं चुकीचा पिक्चर बघतायत.

मी एकदा बोलूनही पाहिलं. "काका, तो पुरण्याचा भाग शेवटी आहे."

"कोन म्हनतो?"

"लिहिलंय त्यात."

"लिहिनारा खाली गेला होता काय?" असं म्हणून ते गुऱ्हाळाकडे निघून गेले. मी ते थट्टेवारी नेलं.

पुढच्या वर्षीपर्यंत काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शस्त्रक्रियेचं नाव काढलं की म्हणायचे, "पान्याखाली असंच दिसतं. गढूल. त्यात काय एवढं?" सर्वपित्री जवळ आली तसे ते मला म्हणाले, "ह्या वर्साला डबे तू दे मना. मी फिरवीन, तू नुसते एकामागून एक दे. तू शिकलेली हाइस, तुझ्याकडून नाय चुकनार."

हे ऐकून मला जो आनंद झाला तो आज आठवला तरी कानशिलं तापतात. मी ठरवलं, काकांचे उपकार फेडायचे. दोन रविवार खपून मी ते पाचही डबे घासलेटने घासून लख्ख केले. प्रत्येक डब्याला काळा कुजका दोरा गुंडाळलेला होता, त्याला गाठी होत्या, एकाला एक, दुसऱ्याला दोन, अशा. ते दोरे मी कापून टाकले. रिळं उजेडासमोर धरून प्रत्येक पाटी वाचली, तिचं मराठी वहीत उतरवलं, पिक्चरचा खरा क्रम लावला. मग प्रत्येक डब्यावर पांढरा कागद चिकटवून सुवाच्य अक्षरात आकडे घातले. एक ते पाच.

सर्वपित्रीला कावळा लवकर शिवला. शेड भरली. मी पहिला डबा उघडून रीळ काकांच्या हातात दिलं. त्यांनी बोटांनी चाचपून ते यंत्रावर चढवलं, दिवा लावला, दांडा फिरवला आणि सांगायला सुरुवात केली.

"ह्यो थोरला. हलू नेतात त्याला. लोकांना वाटलं..."

पडद्यावर एक जहाज होतं आणि डेकवर कोट घातलेली माणसं दुर्बिणीतून बघत होती.

पोरं हसली. रिक्षावाला म्हणाला, "दादूस, थोरला कुठं? ही तर साहेब लोकं हायेत!"

काकांचं बोलणं थांबलं. हात थांबला नाही. पडद्याकडे डोळे बारीक करून त्यांनी बघायचा प्रयत्न केला, आणि मग माझ्याकडे मान न वळवता हळूच विचारलं, "पोरी, डब्याची गाठ?"

"गाठी काढल्या, काका," मी आनंदाने कुजबुजले. "आकडे घातलेत. आता सगळं बरोबर लागेल. शेवट शेवटी येईल."

त्यांनी दांड्याचा एक पूर्ण फेरा घेतला.

"तू वाचून लावलंस?"

"हो. प्रत्येक पाटी वाचली."

"मंग बरोबर असंल," ते म्हणाले. "तू सांग. मी फिरवतो."

तेवढ्यावरही मला काही कळलं नाही. मी वही उघडली आणि जहाज, बोट, कप्तान, शिकार, सगळं क्रमाने सांगत गेले. लोक नीट ऐकत होते. खरी गोष्ट त्यांना पहिल्यांदाच कळत होती. दुसरा डबा झाला, तिसरा झाला. तळावरून टोपवाला आला तेव्हा एकदोघे "थोरला" म्हणाले, पण मी वहीतून वाचलं की हा कप्तान आहे, तशी ती माणसं गप्प झाली.

पाचव्या डब्यात ती माणसं त्याला उचलून सावकाश चालू लागली. खड्डा आला. वाळू आली. मी वाचलं, "अशा रीतीने कप्तानाला त्याच्या लाडक्या समुद्रात कायमची विश्रांती मिळाली."

आणि अडकित्ता थांबला.

तो आवाज थांबल्यावर माझ्या लक्षात आलं की तो इतका वेळ चालू होता. मी वळून बघितलं. पोत्याच्या फटीतून आलेल्या उजेडात वयनींच्या मांडीवर अर्धी सुपारी तशीच होती. त्या पडद्याकडे बघत होत्या. मागे कुणी हलत नव्हतं. ह्यानंतर डबा नव्हता, आणि ते सगळ्या शेडला ठाऊक होतं. थोरला आता येणार नव्हता. त्याला मी पुरला होता, वाचून, आकडे घालून, सुवाच्य अक्षरात.

वही माझ्या हातातून खाली पडली. "काका," मी म्हणाले.

त्यांना पडद्यावरचं दिसत नव्हतं. पण अडकित्ता थांबलेला त्यांनीही ऐकला होता.

"पोरी," ते म्हणाले, "वाळू टाकली काय?"

"टाकली."

"किती फिल्म उरली?"

"थोडीच."

"वरचं चाक धर."

"काय?"

"वरचं चाक धर म्हनतो. माझ्या हाताबरोबर उलटं फिरव. नीट धर, सोडू नको. ढील पडली तर फाटंल."

मी पुढे होऊन वरच्या चाकाला हात लावला. यंत्राला हात लावू दिलेली मी पहिलीच. काकांनी खोल श्वास घेतला, दांडा एक क्षण अगदी सावकाश केला आणि मग मागे फिरवला.

पडद्यावर गुडघ्यावर बसलेली माणसं उठली. वाळू खालून उडून त्यांच्या हातात आली. खड्डा उघडला. त्यांनी वाकून त्याला वर काढलं, खांद्यावर घेतलं आणि उलट्या पावलांनी, सावकाश, बोटीकडे परत निघाली. मासे मागच्या मागे पोहत होते. शेडमध्ये कुणीतरी "अगो बाय" म्हणालं. मग रिक्षावाला उठून उभाच राहिला आणि ओरडला, "आनतायत! दादूस, वर आनतायत त्याला!"

काकांच्या कपाळावर घाम होता. ते मोजत होते, ओठांतल्या ओठांत, एक-दोन, एक-दोन, आणि मी त्या मोजण्यावर वरचं चाक फिरवत होते. पंपाला दोन दांडे असतात, हे मला त्या वेळी आठवलं.

ती माणसं बोटीच्या दारापाशी पोचली. दार उघडलं. त्याला आत घ्यायला लागले तेवढ्यात यंत्रातून कट्ट असा आवाज आला आणि पडदा पांढरा झाला. फिल्म तुटली होती. दिवा चालू, शीड कोरं, मागचं टोक माझ्या हाताभोवती गुंडाळलेलं.

कुणीतरी खिडकीचं पोतं ओढलं. दुपारचं ऊन आत आलं. सगळे डोळे चोळत होते.

"मी जोडते," मी घाईने म्हणाले. काकांनी मला ब्लेडने कापून चिकटपट्टीने फिल्म जोडायला शिकवलं होतं. "काका, आत्ता जोडते, दोन मिनिटं लागतील. गाठीसुद्धा पुन्हा बांधते, मला आठवतंय कोणत्या डब्याला किती होत्या..." मला रडू फुटलं होतं आणि दोन्ही टोकं सापडत नव्हती.

वयनी जाळ्यांवरून उठल्या. यंत्रापाशी आल्या. माझ्या हातातलं ब्लेड त्यांनी काढून घेतलं आणि यंत्राच्या पेटीवर ठेवलं.

"राहू दे गो," त्या म्हणाल्या. "आता वर आलाय. परत खाली कनाला धाडतेस त्याला?"

काका तसेच उभे होते. दांड्यावरून त्यांचा हात खाली आला आणि मांडीजवळ लोंबत राहिला. मी बघत राहिले. तो फिरत नव्हता. इतक्या दिवसांत तो हात फिरत नसलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. बोटं हळूहळू उघडली. म्हाताऱ्या माणसाची साधी, घट्टे पडलेली बोटं.

वयनींनीही ते पाहिलं. पदराने त्यांनी दिराच्या कपाळावरचा घाम टिपला, आणि गेली कित्येक वर्षं ते साऱ्या गावाला जे विचारत आले होते ते त्यांनाच विचारलं.

"भावजी, हवा पुरते का?"

"पुरते, वयनी," काका म्हणाले.